सांगलीच्या विश्रामबागेतल्या मेसच्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र उशिरा लिहितोय. खरं तर तेव्हाच समोर उभं राहून बोलायला हवं होतं. पण तुमच्यासमोर असं काही बोलायला गेलं की तुम्ही "आधी जेव" म्हणून ताट पुढं करता आणि विषय तिथंच राहतो. आता मी चाकणला आहे. म्हणून सगळं एकदा लिहून टाकतो, आणि चारचौघांत लिहितो, कारण तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळायला पाहिजे.

२०२२ च्या पावसाळ्यात मी जतहून कुपवाड एमआयडीसीत कामाला आलो आणि तुमच्याकडं मेस लावली. सांगलीत ओळख कुणाची नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मोबाइलवर एव्हर्टन या इंग्लंडमधल्या फुटबॉल टीमची मॅच बघायचो. लहानपणी टीव्हीवर गोल मारून कोपऱ्यातल्या झेंड्याला गुद्दे हाणणारा टिम केहिल बघितला होता, तेव्हापासून ही टीम माझी. बाकीची पोरं युनायटेडची, आर्सेनलची. ती रोज म्हणायची, "टीम बदल की लेका, काय त्या हरणाऱ्यांच्या नादाला लागलायस." तुम्ही वाढता वाढता थांबलात आणि त्यांना म्हणालात, "आरं, पेठ बदलता येती व्हय कुणाला?"

तुम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले, तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर, शाहू स्टेडियमच्या मातीत गुडघे फोडून घेतलेले, हे मला नंतर कळलं. पण त्या एका वाक्यानं मला सांगलीत घर मिळालं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात आणि वर्षाच्या शेवटी तळाचे तीन खालच्या श्रेणीत जातात. मग टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू विकावे लागतात, आणि गेलेले सगळेच परत वर येत नाहीत. एव्हर्टन १९५४ पासून एकदाही खाली गेलेला नाही. आधीच्या हंगामात, मे २०२२ मध्ये, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दोन गोलांनी मागं पडून ३-२ जिंकले तेव्हा कुठं वाचले होते. आणि मी सांगलीत आलो त्या हंगामात पुन्हा तेच. पावसाळ्यात सांगलीचा माणूस आयर्विन पुलाची पातळी विचारतो ना, चाळीस झाली का, पंचेचाळीसला अजून किती, तसं तुम्ही डबा भरता भरता मला विचारायचात, "आज कितवे?" सतरावा असलो की "हाय अजून" म्हणायचात. अठरावा म्हटलं की काही न बोलता डब्यात एक पोळी जास्त घालायचात.

जानेवारी २०२३ मध्ये सगळंच एकदम आलं. २३ तारखेला एव्हर्टनने मास्तरला, म्हणजे प्रशिक्षक लॅम्पार्डला, काढलं. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीत कंत्राटी पोरांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं, त्यात मीही होतो. घरी कळवलं नाही. जतला त्या वर्षी आधीच ओढाताण होती, त्यात माझं कुठं सांगू. मी मेस बंद करायला आलो होतो काका. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "शनिवारी आर्सेनल हाय. नवीन मास्तर आलाय म्हणं. ते बघून मग बंद कर."

नवीन मास्तर म्हणजे शॉन डाइश. ४ फेब्रुवारीला, पहिल्याच मॅचला, टेबलात एक नंबरला असलेल्या आर्सेनलला त्यानं हरवलं. मॅकनीलचा कॉर्नर, टारकॉव्स्कीचं डोकं, १-०. संध्याकाळी सहाची मॅच होती, काकू मागं कणीक मळत होत्या, आणि तुम्ही दोन्ही हात वर करून असे ओरडलात की त्या तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यानंतर मेस बंद करायचा विषय ना मी काढला, ना तुम्ही.

पुढं स्टार स्पोर्ट्स सिलेक्टचं पॅक तुम्ही स्वतःहून घातलंत. मी पैसे विचारले तर म्हणालात, मलाच बघायचंय.

मला सगळ्यात जास्त आठवते ती १ मेची रात्र. लेस्टरशी मॅच, तीही तळाचीच टीम, आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू. तुम्ही शटर अर्धं वर केलंत, मी वाकून आत आलो, आवाज बारीक ठेवून बसलो. सव्वा वाजून गेला असेल. आपण १-२ ने मागं, आणि त्यांना पेनल्टी. मॅडिसन आला. मी डोळे मिटले, तर तुम्ही माझ्या मनगटाला धरून म्हणालात, "बघायचं." आपला गोलकीपर पिकफर्ड जागेवरून हललाच नाही. बॉल सरळ त्याच्या अंगावर आला आणि त्यानं तो अडवला. मला वाटलं, नशीब. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढलात, तोंड पुसलंत, आणि समजावून सांगितलंत: पेनल्टीला उडी मारणं सोपं असतं. बॉल दुसरीकडं गेला तरी लोक म्हणतात, बिचाऱ्यानं प्रयत्न केला. उभं राहायला छाती लागते, कारण कोपऱ्यात गेला की सगळं स्टेडियम म्हणतं, हा झोपला होता का. हे सांगताना तुम्ही खुर्चीतून उठून दोन टेबलांच्या मधे उभे राहिला होतात, गुडघे थोडे वाकवून, पंजे उघडे. साठीच्या पुढचा माणूस, रात्री दीडला. मॅच २-२ सुटली. नंतरच्या सोमवारी ब्रायटनला त्यांच्याच मैदानावर ५-१ हरवलं, तो आनंद वेगळा. पण मला ती पेनल्टी आणि तुमचे ते उघडे पंजे पुरतात.

आणि २८ मे. रविवार होता. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हा तुमचा नियम तुम्ही आयपीएलच्या फायनलसाठी मोडला होता. धोनीची फायनल, तीस-पस्तीस पोरं जमिनीवर दाटीवाटीनं. मी तर आशाच सोडली होती. लीगच्या शेवटच्या दिवशी एव्हर्टन ३३ गुणांवर, लेस्टर आणि लीड्स ३१ वर. बोर्नमथला हरवलं तर प्रश्नच नाही, नाहीतर दुसऱ्यांच्या निकालावर. कालवर्ट-लुईन जखमी, म्हणजे पुढं खेळायला हक्काचा माणूस नाही. अहमदाबादला पाऊस लागला. नऊ वाजले तरी टीव्हीवर झाकलेलं मैदान. तुम्ही उठलात, रिमोट घेतलात आणि म्हणालात, "पाऊस काय बघायचाय? ह्या पोराची आज फायनल हाय."

पोरं कुरकुरली, मग बघायला लागली. तिकडं लेस्टरने गोल केला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आपण अठरावे झालो. ५७ व्या मिनिटाला बोर्नमथच्या बचावपटूनं डोक्यानं काढलेला बॉल टप्पा घेऊन बाहेर आला आणि दुकुरेनं तो तसाच मारला. लॅम्पार्डच्या शेवटच्या दिवसांत संघाबाहेर पडलेला दुकुरे. पिवळ्या जर्सीतली, एव्हर्टनचं नावही धड न घेता येणारी पोरं माझ्या अंगावर पडली. वरून दहा मिनिटं जादा वेळ दिला, तेव्हा सगळी मेस गप्प, फक्त पंख्याचा आवाज. १-० जिंकलो. ३६ गुण, सतरावे. लेस्टर ३४ वर खाली गेलं. पोरं पुन्हा पावसाकडं वळली आणि फायनल दुसऱ्या दिवसावर गेली. तुम्ही आत जाऊन काकूंना सांगितलंत, "राहिलो."

राहिले नाही म्हणालात, काका. राहिलो म्हणालात.

चाकणला यायच्या आधी हिशेब करायला आलो. तोवर दुसरी नोकरी लागून दोन पगार झाले होते, फेब्रुवारी-मार्चचं देणं मी बाजूला काढून आणलं होतं. तुम्ही वही पुढं केलीत. माझ्या नावापुढं त्या दोन महिन्यांत रोज फुली होती. सगळे खाडे. जेवलेल्या प्रत्येक दिवसावर तुम्ही खाडा मांडला होता. मी म्हटलं, काका, मी तर रोज जेवलोय. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "जेवायला कुठं आलतास? मॅच बघायला आलतास."

काकूंना नमस्कार. दिवाळीत जतला जाताना सांगलीत उतरतोय.

तुमचा,
कोपऱ्यातल्या टेबलावरचा जतकर