वासोट्याच्या वाटेवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

परवा बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्यावर गेलो. पाण्यावरचं धुकं हलायचं नाव घेत नव्हतं, तरी लाँचवाल्या दादांनी किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीचा काठ बरोबर गाठला. त्यांचे आभार. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून आत सोडणाऱ्या वनरक्षकांचेही. (परतताना एक कमी भरली, ती माझीच!)

पण खरा ऋणी आहे त्या तिघा पोरांचा. बाबुकडा डोळे भरून पाहिला आणि उतरताना ऐन जंगलात माझा गुडघा आखडला. स्वतःची काठी माझ्या हाती देऊन ती पोरं खालपर्यंत माझ्या चालीनं चालली. काठावर त्यांची लाँच खोळंबली होती, हाका येत होत्या, पण "काका, सावकाश!" एवढंच. नावं विचारायची राहिली. काठी अजून माझ्याकडेच आहे.