पाठीवरच्या घाटासाठी आण्णांचे आभार

ती. आण्णा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं, चार घरं सोडून तर राहता. पण 'आपल्या पेठेतला पोरगा अंगाला रंग फासून उघडा उभा राहिला' ही चर्चा चौकात सगळ्यांसमोर झाली, तर आभारही सगळ्यांसमोरच मानावेत म्हटलं. त्या दिवशी नेमकं काय झालं आणि त्यात तुमचा हात किती होता, तेही एकदाचं कळू दे.

मावसबहिणीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला त्रिपुरी पौर्णिमेचा पंचगंगा घाट काढायचा होता, पण कॅनव्हासवर नाही, माणसाच्या पाठीवर. "दादा, तुझी पाठ रुंद आहे," एवढंच तिचं म्हणणं. ऑस्ट्रियात १९९८ पासून बॉडी पेंटिंगचा जागतिक महोत्सव भरतो म्हणून तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. ते बघून मी आरशासमोर गेलो. तालीम सोडून बारा वर्षं झाली, ते आरशात लपत नव्हतं. गंमत अशी की लंगोट लावून हौद्यात उतरायचो तेव्हा शंभर माणसं बघत असायची आणि काही वाटायचं नाही. अंगाला लाल माती चालते, मग रंगाचीच लाज का, हे मला अजून सांगता येत नाही.

तुमच्याकडे आलो तो खरं तर तुम्ही 'नको' म्हणाल या आशेनं. नाटकं आणि गणपतीतले सजीव देखावे यांची रंगभूषा करण्यात तुमची हयात गेली, तुम्हीच नको म्हटलात की मी सुटलो. तुम्ही हो की नको ते काहीच बोलला नाहीत. चष्मा वर केलात आणि विचारलंत, "रंग कुठला लावणार हाय ती? डब्या घेऊन ये आधी."

आणि मग तो मारुतीचा किस्सा. कुठल्याशा मंडळानं घाईत देखाव्यातल्या मारुतीला चक्क दाराला लावायचा ऑइल पेंट फासला होता. देखावा झाल्यावर पहाटेपर्यंत त्या पोराचं अंग तुम्ही रॉकेलच्या बोळ्यानं पुसत बसला होता. कातडी सोलवटली, पोरगं रडत होतं आणि मंडळाची माणसं बक्षिसाची चर्चा करत होती. हे सांगताना तुमचा आवाज चढला, म्हणून मला कळलं की डब्यांची चौकशी उगाच नव्हती.

डब्या आणल्या. पांढरा आणि निळा हे पाण्यात कालवायचे, चेहऱ्याला लावायचे रंग होते. पणत्यांसाठीचा सोनेरी मात्र स्टेशनरीच्या दुकानातला निघाला. तुम्ही माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला तिन्हींचे आठ आण्याएवढे ठिपके लावलेत आणि एक दिवस पाणी लावायचं नाही म्हणून बजावलंत. मला हा सगळा सोपस्कार वाटला होता. रात्री अकरा वाजता सोनेरीखाली खाज सुटली, सकाळी बघतो तर तेवढाच गोल लालभडक, टच्च फुगलेला. बाकीचे दोन गप्प. तो रंग मडक्यांवर आणि कापडावर लावायचा ॲक्रिलिक होता, कातडीचा नव्हेच. आण्णा, तिच्या चित्रात साडेतीनशे पणत्या होत्या. हिशेब तुम्हीच करा. बहिणीनं पणत्या मग कातडीला चालणाऱ्या पिवळ्या-केशरीत काढल्या आणि मला विचाराल तर त्याच जास्त खऱ्या दिसल्या.

पाठीवरचे केस आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी काढायचे, नाहीतर ताज्या कातडीला रंग झोंबतो, हे तुम्ही सांगितलंत. त्रिशूरला ओणमच्या पुलिकळीत अंगावर वाघ रंगवून घेणारे गडीही आधी अंगावरचे केस काढतात, हेही. (हे सांगितल्यामुळं मला किती धीर आला ते सांगत नाही.) सकाळी मिसळ नको, घाम सुटतो, पण उपाशीही जायचं नाही. दोन भाकऱ्या आणि दही. पाणी स्ट्रॉनं.

उभं राहायची तालीम मात्र मी विसरणार नाही. तुमच्या परड्यात, पेरूखाली, पाऊण तास. मी ताठ उभा राहिलो तसं तुम्ही काठीनं मागून गुडघ्याला टोचलंत. "गुडघं ताणून हुबा ऱ्हायलास तर अर्ध्या तासात खाली पडशील. जरा सैल सोड. रगत पायात उतरतंय, डोस्क्याला पोचंत न्हाई." मग एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन कसं न्यायचं, पाठ न हलवता, ते तुम्ही वयाच्या पंचाहत्तरीत स्वतः करून दाखवलंत. काकू चहा घेऊन आल्या आणि आपल्या दोघांकडे बघून तशाच आत गेल्या.

आणि एक गोष्ट तुम्ही बहिणीला बोलावून सांगितलीत, मला नाही. "ह्यो थांब म्हणाला की ब्रश खाली. का म्हणून इचारायचं न्हाई. आणि फोटू आधी ह्याला दाखवायचा, मग दुसऱ्याला." तिला थोडं लागलं असावं, पण तिनं मान डोलावली. मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल.

तरी मी घोळ घातलाच. केस काढल्यावर अंग खाजत होतं, म्हणून आदल्या रात्री खोबरेल चोपडलं. तुम्ही तेल-मलम काही नको म्हणाला होता, ते मी सपशेल विसरलो. सकाळी ओला स्पंज पाठीवर फिरला आणि निळा रंग कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब होऊन घरंगळला. बहीण रडकुंडीला. फोनवर तुम्ही आधी एक कोल्हापुरी शिवी दिलीत, ती इथं लिहीत नाही, आणि मग म्हणालात, "दोन डाव साबण लाव, कोरडं पूस, अर्धा तास बस. आभाळ कोसळलं न्हाई."

पुढं पाच तास. नोव्हेंबर असल्यानं रंग गार लागायचा, सुकताना तर जास्तच, कातडी आक्रसल्यासारखी व्हायची. मला काही दिसत नव्हतं, फक्त जाणवत होतं. कंबरेपासून वर पायऱ्या, एकेक आडवी रेघ. खांद्यांवर दीपमाळा. मग त्या पणत्या, बारीक ब्रशचं टोक, टिप टिप टिप. दोनदा 'थांब' म्हणालो. दोन्ही वेळेला ब्रश खाली गेला. पोटावर तिनं नदी काढली होती. मी श्वास घेतला की पाणी वर यायचं. पोटाचा इतका चांगला उपयोग आजवर झालेला नव्हता.

फोटो तुम्ही बघितलात तेव्हा कौतुक सोडून "डावीकडची दीपमाळ वाकडी हाय" म्हणालात. ती वाकडी नव्हती, आण्णा, मी तेवढ्यात वजन दुसऱ्या पायावर नेलं होतं. तुम्हीच शिकवलेलं.

अंग धुताना आधी तेल, मग साबण आणि कोमट पाणी, असं तुमच्या सांगण्याप्रमाणंच केलं. बाकी सगळं गेलं, कानामागं थोडा घाट दोन दिवस राहिला. तुम्ही दिलेला जुना टॉवेल तीनदा धुतला, पण निळा डाग जात नाही. रविवारी घेऊन येतो. तो काकूंचा होता हे मला आता कळलंय, तेव्हा मी यायच्या आत तुम्हीच त्यांना सांगून ठेवा.

तुमचा,
चार घरं पलीकडचा