आकार बदलायला सांगितला होता, रंग नव्हे

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
इमेज प्रोसेसिंग लायब्ररी विभाग

विषय : रिसाइझ करताना चित्राचा मूळ रंग-फॉरमॅट न सांगता बदलला जाण्याबाबत

महोदय,

कोल्हापुरात आमचा ऑफसेट छापखाना आहे. जुन्या जॉबच्या टिफ फाइली नव्या मापात बसवण्यासाठी आम्ही आपली लायब्ररी (प्रोग्रॅममध्ये जोडायचे तयार सॉफ्टवेअर) पैसे मोजून घेतली. तिच्या माहितीपत्रकात 'मूळ कलर फॉरमॅट जपून आकार बदलतो' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. आम्ही ती घेतली ती त्या एका ओळीसाठीच.

प्रत्यक्षात सीएमवायके (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांची) फाइल आत टाकली की बाहेर आरजीबी (पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांची) येते. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये साधी नोंदही नाही. पडद्यावर चित्र तसेच दिसते, त्यामुळे घोटाळा कळतो तो थेट मशीनवर. लग्नपत्रिकेचा बारीक मजकूर मूळ फाइलमध्ये फक्त काळ्या शाईत, १०० टक्के होता. आरजीबीतला काळा प्लेट काढताना पुन्हा चार रंगांत फोडला जातो. फोटोशॉपमधल्या स्वॉप या छपाईच्या रंग-प्रोफाइलने पाहिले तर सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९०. म्हणजे एका प्लेटवरचे अक्षर चार प्लेटांवर गेले आणि शाई १०० वरून ३०० टक्क्यांवर. रजिस्टर, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हलले तरी अक्षराला रंगीत कडा येते, आणि शाई वाळायला लागणारा वेळ वेगळाच. मशीनमनने चढवलेला जॉब उतरवला. कागद आणि प्लेटा वाया गेल्या. वधूपित्याची बोलणी खाल्ली ती आम्ही.

आपल्या सपोर्ट विभागाचे उत्तर आले : 'विंडोजच्या जीडीआय प्लसची ही मर्यादा आहे.' जीडीआय प्लस म्हणजे विंडोजमधली चित्रे हाताळणारी जुनी यंत्रणा. मर्यादा खरी आहे. इंडेक्स्ड (ठरावीक रंगांच्या यादीवर, म्हणजे पॅलेटवर चालणाऱ्या) बिटमॅपवर चित्र काढण्यासाठी ग्राफिक्स ऑब्जेक्ट मागितला की ते एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकते, आणि नुसती रुंदी-उंची देऊन नवी बिटमॅप बनवली तर ती ३२ बिट एआरजीबीच (आरजीबी अधिक पारदर्शकता) होते. पण ही मर्यादा ओलांडण्यासाठीच तर लोक लायब्ररी विकत घेतात! सीएमवायकेचा आकार बदलायला रंग-रूपांतर लागतच नाही. चारही चॅनेल वेगवेगळे लहान करायचे आणि आयसीसी प्रोफाइल (फाइलमधली रंगांची ओळख सांगणारी माहिती) जसेच्या तसे पुढे द्यायचे, एवढेच काम. विंडोजमध्येच डब्ल्यूआयसी ही चित्रे हाताळणारी दुसरी यंत्रणा आहे, तिला ३२ बिट सीएमवायके समजतो. पायथॉनची फुकटातली पिलो लायब्ररीही सीएमवायके चित्र सीएमवायके म्हणूनच परत देते. ती इंडेक्स्ड आणि १ बिट चित्रांना मात्र फक्त निअरेस्ट (सर्वात जवळचा पिक्सेल उचलण्याची) पद्धत लावते, त्यात बारीक रेषा तुटतात. पण तसे तिच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे. फुकट देणारे सांगून मोकळे होतात आणि पैसे घेणारे लपवतात, याला काय म्हणावे?

ग्रेस्केल स्कॅनचेही तेच. ३०० डीपीआयचे ए-फोर पान म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. ८ बिटमध्ये ते न दाबता सुमारे ८.७ एमबी होते, आपल्या हातून ३२ बिट होऊन परतताना ३४.८ एमबी. १ बिट लाइन आर्ट (नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेषांचे चित्र) तर एका एमबीच्या आसपास असते. तिचेही तेवढेच, म्हणजे बत्तीसपट. इंडेक्स्ड आणि १ बिट चित्रांना आधी मोठ्या फॉरमॅटमध्ये नेऊन लहान करणे आम्हाला मान्य आहे. मात्र त्यानंतर मूळ पॅलेटवर किंवा काळ्या-पांढऱ्यावर परत आणणे हे आपलेच काम आहे.

आमची मागणी अशी की ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करावी. ती होईपर्यंत जो फॉरमॅट जपता येत नाही तिथे लायब्ररीने सरळ एरर द्यावी. थांबलेले काम आम्हाला परवडते, चुकीचे छापलेले नाही. माहितीपत्रकातली ती ओळ आजच काढावी. वाया गेलेल्या कागदाचे आणि प्लेटांचे बिल, मूळ फाइल, आपल्या लायब्ररीतून निघालेली फाइल आणि दोन्हींचे छापील नमुने सोबत जोडले आहेत. त्याची भरपाई मिळावी. लेखी उत्तर येईपर्यंत लायसन्सचे नूतनीकरण आम्ही थांबवले आहे. 'अमुक सेटिंग तपासून पाहा' असे ठरावीक उत्तर कृपया पाठवू नये, सगळी सेटिंग तपासून झाली आहेत.

आपला ग्राहक,
प्रीप्रेस विभाग,
कोल्हापूर