मार्कानं काळ का बदलला? माझ्या जुन्या विद्यार्थ्याला जाहीर आभारपत्र

प्रिय बाळा,

सलाम.

तुझं नाव लिहायचं नाही, हे तू दोनदा बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. खासगीत मानले असते तर 'बाई, त्यात काय एवढं' म्हणून तू विषय बदलला असतास. शाळेतही तुझं तेच होतं.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा जुना लॅपटॉप पिशवीत घालून मी सोलापूरच्या नवी पेठेत तुझ्या दुकानात आले, तेव्हा माझं काम अगदी साधं होतं. अक्षर मोठं करून हवं होतं. डोळ्यांना छापील पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, झेपेना आणि बुधवारची घरसभा, म्हणजे घरी जमून बायबल वाचायची सभा, तर माझ्याच गळ्यात. त्याआधी एका दुकानात 'आजी, यात काही चालायचं नाही, नवीन घ्या' असं सांगून मला वाटेला लावलं होतं. तू मात्र लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलंस, "बाई, बुधवारी काय चाललंय सध्या?" मी म्हटलं, मार्काचं शुभवर्तमान, अध्याय दोन. तू हसलास. का हसलास ते मला चार दिवसांनी कळलं.

चार दिवसांनी लॅपटॉप घरी आला तो लोगॉस घालूनच. बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर म्हणजे पानं उलटायच्या ऐवजी बोटानं सरकवायची, एवढीच माझी समजूत. तू ग्रीक नवा करार उघडलास, प्रत्येक शब्दाखाली त्याचा इंग्रजी अर्थ आणि व्याकरण. मग 'बाई, आता गंमत बघा' म्हणून वर्तमानकाळी क्रियापदांना केशरी रंग दिलास. पानभर केशरीच केशरी. मला काही बोध होईना. तूच म्हणालास, "हा रंग बिनकामाचा आहे. बोलणाऱ्यांच्या तोंडचे वर्तमानकाळही यात आलेत. ते तर असणारच. मार्क स्वतः गोष्ट सांगताना वर्तमानात कुठं शिरतो, तेवढंच बघायचं." आणि तू दुसरी प्रत उघडलीस. स्टीव्हन रंग (Runge) या अभ्यासकानं तयार केलेला, २००८ साली आलेला लेक्सहॅम डिस्कोर्स ग्रीक नवा करार. त्यात अशा जागांवर आधीच खुणा केलेल्या. केशरी पुसलं गेलं आणि बारा वचनांत मोजून पाच जागा उरल्या.

त्या पाच जागा मी वहीत उतरवून घेतल्या. चौघे पक्षाघाती माणसाला उचलून घेऊन येतात. छपरातून बाज खाली सोडतात. येशू त्याला म्हणतो. शास्त्र्यांना, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांना, म्हणतो. पुन्हा त्याला म्हणतो. बाकी सगळी गोष्ट भूतकाळात. शास्त्री तिथं बसले होते, मनात विचार करत होते, पण त्यांच्या वाट्याला एकही खूण नाही. आपल्या छापील मराठीत मात्र 'आले', 'सोडली', 'म्हणाला'. भाषांतर करणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पुस्तकी मराठीला तेच शोभतं. पण मार्काच्या सांगण्यातला तो झटका त्यात जिरून गेला.

माझं माहेर अक्कलकोटकडचं. आमचं घर माळवदाचं, लाकडावर पांढरी माती थापलेलं. पावसाळ्याआधी आजोबा वर चढून माती सारखी करायचे तेव्हा खाली ताटात खडे पडायचे. मार्क लिहितो की त्या चौघांनी छप्पर उघडलं आणि खणलं. खणलं म्हटल्यावर मला कौलं दिसत नाहीत, माळवदच दिसतं. दुसरं शुभवर्तमान लिहिणारा लूक त्याच प्रसंगात कौलांचं नाव घेतो, आणि त्याच्याकडे ही सगळी क्रियापदं भूतकाळात आहेत. मार्काचा सांगणारा जणू आमच्या माळवदाखाली उभा आहे, अंगावर माती पडतेय आणि तो ओरडतोय, 'अरे, सोडतायत की खाली!' अशा वर्तमानकाळाच्या जागा मार्कात साधारण दीडशे आहेत, आणि लूककडे बोटांवर मोजण्याइतक्या, हे तूच सांगितलंस. लूक नीट पांढरा सदरा घालून बसलेला लेखक, मार्क कट्ट्यावर बसून सांगणारा. ही तुलना माझी आहे हो, विद्वानांच्या माथी मारू नकोस.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. 'ऐतिहासिक वर्तमानकाळ', म्हणजे घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगणं, हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन. आणि निबंध तपासताना पोरानं 'आम्ही गड्ड्याच्या जत्रेला गेलो, पाळण्यात बसलो, आणि बघतो तर काय, पाळणा थांबतो' असं लिहिलं की लाल शाईनं 'काळ बदलला' असा शेरा आणि अर्धा गुण कमी. तुझ्या वहीतही तो शेरा असणार. घरी तेलुगू बोलतात म्हणून पोराचा काळ घसरतो, असं मी धरून चालले होते. व्याकरणाच्या तासाला शिकवायचं आणि निबंधात कापायचं, यातली विसंगती मला कधी टोचलीच नाही. तुझ्या लॅपटॉपवर मार्काच्या पाच खुणा बघितल्या आणि त्या रात्री झोप लागेना. मार्काची वही माझ्यापुढं आली असती तर त्याचे दीडशे वेळा अर्धे गुण गेले असते.

या खुणांमागचा जो अभ्यास, त्या 'डिस्कोर्स ॲनालिसिस'ला मराठीत काय म्हणावं, यावर मी आठवडाभर डोकं खपवलं. शेवटी वहीत 'सांगण्याची ढब' असं लिहिलं. तू म्हणालास, चालेल. हा अभ्यास करणाऱ्यांचं मूळ सूत्र तू ज्या शब्दांत सांगितलंस ते तसंच लिहून ठेवलंय: लिहिणाऱ्याला दोन वाटा मोकळ्या असताना त्यानं एक धरली, तर त्या धरण्यातच काही अर्थ असतो. शब्दाचा अर्थ शब्दकोशात मिळतो. हा शब्द इथं, याच रूपात का, ते शब्दकोश सांगत नाही. आणि त्यांच्यातले स्टीफन लेव्हिन्सन, ज्यांचं नाव तू सारखं घ्यायचास, ते कोलंबियात इंगा नावाच्या भाषेवर काम करत होते हे ऐकून मला बरं वाटलं. ज्यांना गोष्टी सांगणाऱ्या माणसांच्या तोंडून भाषा शिकावी लागली, त्यांनाच ग्रीकमधली ही ढब ऐकू यावी, यात नवल कसलं?

सगळ्यात जास्त मजा 'खचीत'नं आली. 'मी तुम्हांला खचीत सांगतो' हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की कानाला त्याची धारच उरली नाही. तुझ्या त्या प्रतीत त्यावर वेगळी खूण होती. तू समजावलंस की इथं बोलणारा क्षणभर बोलणं थांबवून पुढच्या बोलण्याबद्दल बोलतो. 'सांगतो' हे सांगायची गरज नसते, तरी सांगतो. म्हणजे पुढचं कान देऊन ऐका. मी लगेच म्हटलं, हे तर माझ्या आईचं 'सांगून ठेवते हं'! आई 'सांगून ठेवते' म्हणाली की आम्ही भावंडं खेळ सोडून उभी राहायचो. त्या बुधवारी मी घरसभेत हेच सांगितलं आणि कधी तोंड न उघडणाऱ्या दोन मावश्या बोलायला लागल्या. एकीची सासू 'एक ऐक माझं' म्हणायची, दुसरीचे मालक 'हे बघ' म्हणाले की पुढं पैशाची गोष्ट ठरलेली. शिष्य पेत्राला येशू 'कोंबडा आरवायच्या आधी तू मला नाकारशील' असं सांगतो, त्याच्याही आधी 'खचीत' आहे, हे मग त्यांनीच शोधलं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तशीच ताटात राहिली आणि सभा नऊला संपायची ती दहाला संपली.

एक कानउघाडणीही तू केलीस, तिचे आभार वेगळे. नवशिक्या माणसासारखी मी सगळीकडे खुणाच शोधायला लागले. एका रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संदेश द्यायची पाळी माझी होती. मी ठणकावून सांगितलं की जिथं जिथं असा वर्तमानकाळ, तिथं तिथं मुख्य शिकवण. तू मागच्या बाकावर होतास. बाहेर चपला घालताना हळूच म्हणालास, "बाई, खूण म्हणजे अर्थ नव्हे. रस्त्यावरची पाटी पुढं वळण आहे म्हणते, वळणावर काय आहे ते नाही सांगत. आणि पाटी लावणारा माणूसच असतो. चुकीच्या जागीही लावेल." खरंच आहे. त्या खुणा हस्तलिखितात नाहीत, आजच्या एका अभ्यासकाचा तो निवाडा आहे. आता मी आधी अध्याय मोठ्यानं वाचते, माझ्या खुणा पेन्सिलीनं करते आणि मगच लॅपटॉप उघडते. जुळलं नाही तर चिडते, पण तेवढं चालायचंच.

हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना केडगाव लागतं. दर वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची शेवटची वर्षं भाषांतरात घातली, १९२२ मध्ये गेल्या आणि त्यांचं मराठी बायबल छापून आलं १९२४ साली. केडगावात कंदिलाच्या उजेडात शब्द जुळवताना त्यांनाही 'आता वर्तमान का?' असं अडखळायला झालं असेल का, हा विचार आता मनात येतो. पूर्वी केडगाव आलं की मी चहा शोधायची.

तू पैसे घेतले नाहीस. पहिल्या दिवशी वाद घातला, आता घालत नाही. पण चार्जरचे तरी घे.

या बुधवारी अध्याय पाच आहे आणि एका ठिकाणी माझी गाडी अडली आहे. सभास्थानाचा अधिकारी याईर येतो, येशूच्या पायांवर पडतो, विनवतो. तिन्ही वर्तमानात, तिन्हींवर खूण. बारा वर्षं रक्तस्रावानं पीडलेली बाई मात्र भूतकाळातच आली, पडली, सगळं खरं सांगितलं. खूण एकही नाही. परवा त्या दोघींतल्या एक मावशी म्हणाल्या, "अधिकाऱ्याला मान आणि बाईला काही नाही होय?" मी गप्प बसले. मग घरी येऊन ग्रीक बघितलं, तर तिच्यासाठी मार्कानं एकामागून एक सात धातुसाधितं रचली आहेत: असून, सोसून, खर्चून, काही गुण न येऊन, आणखी खालावून, ऐकून, येऊन. आणि मग एकदाचं क्रियापद येतं: शिवली. इतका वेळ श्वास रोखून धरायला लावणं, हा तिचा मान म्हणायचा का? की मीच पुन्हा नसलेली पाटी वाचतेय?

बुधवारी साडेसातला ये. मावशींना उत्तर तूच दे.

तुझी,
मराठीच्या बाई