आर्जिनिनची पावडर घेण्याआधी

मा. संपादक,

‘रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी’ एल-आर्जिनिन या अमिनो आम्लाची पावडर जिमच्या दुकानांतून आता घरातल्या ज्येष्ठांपर्यंत पोचली आहे. दावा वरवर पटतो. रक्तवाहिनीच्या आतलं जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. हा वायू शेजारच्या स्नायूत शिरला की स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. मग आर्जिनिन जास्त खाल्लं की झालं! पण तसं होत नाही, आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना तर यात धोका आहे.

सगळी भिस्त अस्तरावर असते, हे अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. सशाच्या महाधमनीच्या कड्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाने सैल पडत, पण कडीची आतली बाजू घासली गेली असेल तर ती सैल पडेना. याच कामासाठी त्यांना १९९८ चं नोबेल विभागून मिळालं.

तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब यांनी अस्तर बिघडतं, तेव्हा सहसा आर्जिनिनचा तुटवडा नसतो. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लागणारा बीएच-४ हा सहायक रेणू नासलेला असतो. मग तोच विकर घातक सुपरऑक्साइड सोडू लागतो आणि ते उरलासुरला नायट्रिक ऑक्साइडही खाऊन टाकतं. गिरणीचा पट्टा तुटलेला असताना वरून गहू ओतून पीठ कसं पडेल?

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटका येऊन गेलेले १५३ रुग्ण होते. एका गटाला सहा महिने रोज तीनदा ३ ग्रॅम आर्जिनिन द्यायचं होतं. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही. मात्र आर्जिनिन घेणाऱ्यांत ६ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. नवे रुग्ण घेणं थांबवावं लागलं. आकडा लहान आहे, तरी दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही.

अस्तराला खरी चालना मिळते ती भरभर चालण्याने, कारण वेगाने वाहणारं रक्त त्याला घासत जातं. पालक, बीट यांतलं नायट्रेट तर या विकराला वगळून वेगळ्या वाटेने कामी येतं: जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं. म्हणून हे जिवाणू मारणारा क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दंतवैद्याने सांगितल्याशिवाय रोज वापरू नये.

आपल्या पानांवर अशा पावडरींच्या जाहिराती घेताना ‘झटका येऊन गेलेल्यांनी घेऊ नये’ ही ओळ ठळक छापण्याची अट घालावी, ही विनंती.

– औषधशास्त्राचे एक शिक्षक, पुणे