फिल्म बनते, पण मोजायची कुठे?

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

हरित हायड्रोजनच्या बातम्यांत चर्चा असते ती विजेने पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरची आणि मोठमोठ्या करारांची. थेट उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोडबद्दल मात्र क्वचितच काही छापून येतं, म्हणून हे पत्र.

मी पदव्युत्तर वर्गाला भौतिकशास्त्र शिकवते. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा असा इलेक्ट्रोड जगापुढे आणला. पण त्याला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून आमचे विद्यार्थी हेमटाइटकडे वळतात. हा लोखंडाचाच ऑक्साइड. स्वस्त, दृश्य प्रकाश शोषणारा, अल्कलीत टिकणारा. फक्त वीज वाहून नेण्यात फार कच्चा. त्यासाठी डोपिंग, म्हणजे दुसऱ्या धातूची किंचित भेसळ. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात मोजून थोडं टिन क्लोराइड मिसळायचं आणि तापलेल्या काचेवर फवारायचं. लोखंडाच्या काही अणूंच्या जागी टिन बसलं की एकेक जादा इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि फिल्मची, म्हणजे काचेवर बसलेल्या पातळ थराची, वाहकता वाढते. प्रमाण जास्त झालं तर तेच अणू वाटेत अडथळा होतात आणि प्रकाशावर मिळणारा प्रवाह पुन्हा घसरतो. नेमकं प्रमाण शोधणं हेच खरं काम, आणि त्यात आमची मुलं कुठेही कमी नाहीत. फवारणीच्या या पद्धतीला, म्हणजे स्प्रे पायरोलिसिसला, निर्वात यंत्रणा लागत नाही. काचेचा नोझल, हॉट प्लेट, कॉम्प्रेसर आणि धूर ओढणारा हूड एवढ्यावर लालसर, पारदर्शक, एकसारखी फिल्म तयार होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर या कामाची जुनी परंपरा आहे.

घोडं अडतं ते मोजमापापाशी. प्रमाणित सोलर सिम्युलेटर, म्हणजे उन्हासारखा ठरावीक प्रकाश देणारा दिवा, महाविद्यालयांना परवडत नाही, म्हणून हॅलोजन दिवा लावून भागवलं जातं. हेमटाइट साधारण ५९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच प्रकाश वापरतो. हॅलोजनची बरीचशी ऊर्जा त्याच्या पलीकडे, इन्फ्रारेडमध्ये जाते. अशा दिव्याखालचा आकडा इतरांच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. नामांकित संस्थेत वेळ मिळेपर्यंत मुलांचं सत्र संपतं, आणि चांगली फिल्म डेसिकेटरमध्ये (ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात) पडून राहते. हे पाहताना जीव तुटतो.

केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात ४०० कोटी संशोधनासाठी आहेत. त्यातून राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठात एक प्रमाणित सिम्युलेटर, इलेक्ट्रोडचा प्रवाह मोजणारा एक पोटेन्शिओस्टॅट आणि ते चालवणारा पूर्णवेळ तंत्रज्ञ द्यावा. संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने यासाठी केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

– भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका, जि. सांगली