पहिली स्पोर्ट बाइक घेताना आधी डावा हात बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारात यावी म्हणून शोरूममध्ये बुकिंगची गडबड दरवर्षीच असते. त्यात पहिल्यांदाच स्पोर्ट बाइक घेणारी मुले-मुली बरीच असतात. घरची माणसे किंमत, हप्ता आणि ॲव्हरेज विचारतात; मुले सीसी आणि टॉप स्पीड बघतात. चालवणाऱ्याचा हात कोणत्या गाडीवर बसला आहे, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पुण्यातल्या बहुतेक मुलांचा हात स्कूटरवर बसलेला असतो. स्कूटरचा डावा लिव्हर म्हणजे ब्रेक, आणि कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरवर तो एकटा दाबला तरी दोन्ही चाके धरली जातात. मोटरसायकलवर नेमक्या त्याच जागी क्लच असतो. समोर रिक्षा अचानक वळली की घाबरलेली बोटे सवयीने डावा लिव्हर आवळतात. क्लच दबतो, इंजिन चाकापासून सुटते, इंजिनाचा ओढून धरणारा जोर जातो आणि गाडी थांबायची सोडून मोकळी पळते. ताशी ६० किमी वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. चूक लक्षात येईपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते, आणि मग पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबला जातो. त्याच मुठीत रेसही असते. मनगट खाली झुकलेले असेल तर ब्रेकबरोबर रेसही पिळली जाते.

म्हणून स्पोर्ट बाइकच्या आधी किमान दोन-तीन महिने, हजार-दीड हजार किलोमीटर, १०० ते १२५ सीसीची साधी गिअरची गाडी चालवावी. घरात वडिलांची जुनी स्प्लेंडर असेल तर उत्तमच. लायसन्सही तपासा. ते फक्त बिनगिअरच्या दुचाकीचे असेल तर गिअरच्या गाडीसाठी चालत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा तिथेच अडतो. लर्निंग लायसन्स काढल्यावर पक्क्यासाठी ३० दिवस थांबावे लागते. तो महिना सरावाचा समजावा.

आता गाडीकडे वळू. स्प्लेंडरची ताकद सुमारे ८ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीचेच एकक) आणि वजन ११२ किलो. यामाहा आर-१५ १५५ सीसीची, १८.४ पीएसची, वजनाने १४२ किलोच्या आसपास. म्हणजे वजन ३० किलोने वाढते आणि ताकद दुपटीहून जास्त होते. नव्या हाताला ही उडी पुरेशी आहे. शिवाय या इंजिनाचा खरा जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगाने फिरत असताना येतो, त्यामुळे मूठ चुकून थोडी जास्त फिरली तरी गाडी अंगावर येत नाही. सुझुकी जिक्सर एसएफ २५० ची ताकद २६.५ पीएस, वजन १६१ किलो आणि सीट ८०० मिमीवर. बसायची ढब आर-१५ पेक्षा बरीच सरळ, त्यामुळे रोज हिंजवडी किंवा खराडी गाठणाऱ्याला ती जास्त मानवते. केटीएम आरसी ३९० आपल्या चाकणमध्ये तयार झालेली, अतिशय सुंदर बांधणीची गाडी आहे. पण १७२ किलो वजनावर ४३.५ पीएस म्हणजे स्प्लेंडरच्या पाचपटीहून जास्त ताकद. पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींवर ४० टक्के झाला आहे. नवख्याला लहान इंजिन घ्यायला हे आणखी एक कारण.

सीटची उंची कागदावर बघून भागत नाही. कावासाकी निंजा ३०० ची सीट ७८० मिमी, म्हणजे बुटक्या माणसालाही पाय टेकता येतील अशी. पण गाडी १७९ किलोची, आणि पार्किंगमधून मागे ढकलताना ते वजन कळते. शोरूमची फरशी सपाट असते, पुणे सपाट नाही. नेहमीचे बूट घालून बसा, दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकतात का बघा आणि बसल्या बसल्या गाडी मागे ढकला. मग टेस्ट राइडला चढ मागा. चढावर उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा पाय जमिनीवर, क्लच हळूहळू सोडत रेस द्यायची. इथे दोन्ही पाय टेकावेसे वाटत असतील तर ती गाडी अजून तुमच्या मापाची नाही.

या गाड्यांचे हँडल खाली आणि अरुंद असते, आणि वळतेही कमी. पेठेतल्या बोळात यू-टर्न एका दमात बसत नाही. लक्ष्मी रोडच्या गर्दीत सगळा भार मनगटांवर येतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली तर तो बराच कमी होतो. मागची सीट उंच आणि चिंचोळी असते. आईला रोज डबलसीट न्यायचे असेल तर आईला शोरूममध्ये नेऊन बसवून बघा.

एबीएसबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण वाळूवर किंवा डंपरमधून सांडलेल्या खडीवर थांबायचे अंतर काही कमी करत नाही. साधे एबीएस वळणावर झुकलेल्या गाडीला सावरतही नाही. सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकावर चालते, म्हणून दोन्ही चाकांवर चालणारे ड्युअल चॅनलच घ्या. नवे टायर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडे असतात. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते, आणि झेब्रा पट्टे, ड्रेनेजची झाकणे यांवर पकड राहत नाही. तिथे गाडी सरळ ठेवायची. ब्रेकही नको, झुकणेही नको.

गाडीच्या बजेटमधून किमान १५ हजार रुपये आधीच बाजूला काढा. आयएसआय शिक्क्याचे, हनुवटी झाकणारे हेल्मेट घ्या. पट्टा लावून डोके हलवले की गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. काच रंगीत नको, रात्री दिसत नाही. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून तळहाताला संरक्षण असलेले हातमोजे, मग घोटा झाकणारे बूट, मग जॅकेट. तेवढे पैसे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्या.

विम्यात नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा मिळतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि पुढे हमखास विसरला जातो. शिवाय प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. स्पोर्ट बाइक म्हणजे चारही बाजूंनी प्लॅस्टिकच. जागेवर उभी असताना कलंडली तरी फेअरिंगचे, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिक आवरणाचे खटके तुटतात, म्हणून घसारा न कापणारा झिरो डेप विमा घ्यावाच.

जुनी घेणार असाल तर हँडलची टोके, लिव्हरची टोके आणि फूटरेस्ट बघा. खरवडलेले असतील तर गाडी पडलेली आहे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) जिथे ते अडते तिथे ठेचलेले दिसले तर पुढून जोरात धडक बसलेली असते. ती गाडी सोडून द्या. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या चकचकीत नळीवर तेलाचे वळे नको. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. इंजिन आपण पोहोचण्याआधीच गरम करून ठेवले असेल तर थंड गाडी नीट सुरू होते का ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जा. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ व ३०, आणि वाहतूक दंडाची जुनी चलने भरल्याची खात्री, हे सगळे पैसे देण्याआधी.

शोरूमचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. टेस्ट राइड सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून संपवू नका. एक चढ, एक यू-टर्न आणि मोकळ्या जागेत ताशी ३० वरून दोन्ही ब्रेकने थांबणे, एवढे करून घ्या. दहा मिनिटे जास्त लागतील. आणि ग्राहकाच्या डाव्या हाताची बोटे ब्रेक मारताना काय करतात, तेवढे जरूर बघा.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे